अनोळखी माणसाला दिलेला गेम

2007च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने ‘द ऑरेंज बॉक्स’ हा पाच गेमचा संच बाजारात आणला. त्यातले ‘हाफ-लाइफ 2’ आणि त्याचा पुढचा भाग ‘एपिसोड वन’ हे दोन गेम जुने होते, आणि कंपनीच्या पुष्कळ गिऱ्हाइकांनी ते आधीच घेतलेले होते. अशा गिऱ्हाइकांना व्हॉल्व्हने मुभा दिली, की दुसऱ्यांदा आलेली प्रत तुम्ही हवी त्याला देऊन टाका. ‘स्टीम’ या तिच्या डिजिटल दुकानात भेट देण्याची जी सोय पुढे सर्रास झाली, तिची सुरुवातीची पावलं ही अशी पडली. यात लक्षात घ्यावं असं काही असेल तर तो मुभा देण्याचा भाग. डीव्हीडीवरचा गेम द्यायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. खेळून झाला की मित्राला द्यावा, भावाला द्यावा, निम्म्या किमतीत विकावा. दुकानदाराचा त्याच्याशी संबंध संपलेला असे. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला बांधलेला असतो आणि खातं कंपनीच्या नियमांना. त्यामुळे तो देता येणं हा मालकाचा हक्क उरला नाही, दुकानदाराने ठेवलेली सवलत झाली. गेल्या दोन दशकांत हजारो माणसं ही सवलत वापरून ज्यांचं नावही ठाऊक नाही अशांना गेम देत आली आहेत. या देण्याला दुकानं, निर्माते आणि कायदा यांनी कसं वागवलं, हे पाहिलं तर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: फसवणूक थांबवण्याच्या नावाखाली देण्याचीच वाट अरुंद होत गेली, आणि तसं व्हायला नको होतं.

हे देणं चालतं कसं, ते आधी पाहू. स्टीम 2003 साली सुरू झालं आणि त्यावर गेम विकणाऱ्या प्रकाशकांना एक सोय मिळाली: त्यांनी मागितले तर व्हॉल्व्ह त्यांना ॲक्टिव्हेशन कोड फुकट तयार करून देते. पाच-पाच अक्षरा-आकड्यांचे तीन गट, मधे दोन आडव्या रेघा. तो कोड प्रकाशकाने दुसरीकडे विकला तर त्या विक्रीत व्हॉल्व्ह वाटा मागत नाही. कोड एकदा खात्यात टाकला की गेम त्या खात्याला कायमचा चिकटतो; टाकेपर्यंत मात्र तो कुणाचाच नसतो, ज्याच्या हातात त्याचा. डिजिटल जगात हातातून हातात देण्याजोगी जी काही वस्तू उरली ती ही पंधरा चिन्हं. 2010च्या मे महिन्यात ‘हंबल बंडल’ सुरू झालं आणि या कोडांचा सुकाळ झाला. ‘वर्ल्ड ऑफ गू’, ‘ॲक्वेरिया’, ‘गिश’ अशा छोट्या निर्मात्यांच्या गेमचा गठ्ठा, किंमत तुम्ही ठरवायची, आणि त्यातला किती वाटा निर्मात्याला, किती धर्मादाय संस्थेला हेही तुम्हीच ठरवायचं. पहिल्याच खेपेला बारा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. पुढे अशा गठ्ठ्यांची रांगच लागली. गठ्ठ्यातले दोन गेम हवे असतात, चार आधीपासून असतात, उरलेले आपल्या आवडीचे नसतात. ते चार-सहा कोड माणसाकडे शिल्लक राहतात. विकायचे तर नियम आड येतात, ठेवायचे तर उपयोग नाही. मग माणसं ते वाटतात.

वाटण्याचीही एक रीत बसली आहे. उघड्यावर कोड टाकला तर तो माणसाआधी बॉट उचलतो, कारण नवे कोड हुडकून क्षणार्धात खात्यात भरणारे प्रोग्रॅम सतत पाळतीवर असतात. म्हणून देणारे कोडातलं एखादं अक्षर गाळतात आणि त्या जागी कोडं घालतात: अमुक गेममधल्या नायकाच्या नावाचं पहिलं अक्षर, किंवा एखाद्या साध्या बेरजेचं उत्तर. ज्याने गेम खेळला आहे किंवा निदान थांबून विचार केला आहे, त्यालाच कोड लागतो. दुसरी रीत सोडतीची. ‘स्टीमगिफ्ट्स’ या ठिकाणी प्रत्येक सदस्याला ठरावीक वेगाने गुण मिळतात. ते 400च्या पुढे साठत नाहीत. 20 डॉलरच्या गेमच्या सोडतीत नाव घालायला 20 गुण लागतात. मुदत संपली की यंत्र एक नाव काढतं, देणारा कोड किंवा भेट पाठवतो, घेणारा पोच देतो. जिंकलेला गेम आपल्याच खात्यात टाकायचा, पुढे विकायचा किंवा वाटायचा नाही. गठ्ठ्यात स्वस्तात आलेला गेम वाटला तर देणाऱ्याच्या खाती त्याची पूर्ण किंमत धरली जात नाही, बरीच कमी धरली जाते. जितकं जास्त दिलं तितका दर्जा चढतो, आणि वरच्या दर्जाच्या सदस्यांसाठी राखलेल्या सोडतींत भाग घेता येतो. एका साध्या देण्याभोवती एवढे नियम पाहिले की ते जाचक वाटू शकतात. पण हे नियम दुकानाने घातलेले नाहीत, देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या समूहाने अनुभवातून शिकून घातलेले आहेत, आणि त्यांचा रोख देणं थांबवण्याकडे नसून ते टिकवण्याकडे आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

यावरचा पहिला आक्षेप असा की हे दान नव्हेच. दर्जा चढावा म्हणून केलेली ही देवघेव आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 साली भेटीवर लिहिलेल्या निबंधात दाखवलं होतं, की पारंपरिक समाजांत भेट कधीच मोकळी नसते. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. मग दर्जाच्या आशेने दिलेला गेम त्याच जातीचा नाही का? काही अंशी आहे. पण मॉसच्या भेटीत परतफेड देणाऱ्याला मिळते, ओळखीच्या माणसाकडून मिळते. इथे जिंकणाऱ्यावर देणाऱ्याचं काही ऋण राहत नाही. दर्जा चढून मिळतं काय, तर आणखी एका अनोळखी माणसाच्या सोडतीत नाव घालण्याची संधी, तीही बहुधा हरण्यासाठीच. याला जवळचं उदाहरण रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने 1970 साली तपासलेलं रक्तदानाचं आहे. ब्रिटनमध्ये लोक मोबदला न घेता, रक्त कुणाला जाणार हे न कळता रक्त देत. अमेरिकेत त्याचा बराच भाग विकत घेतला जाई. टिटमसचं म्हणणं होतं की विकत घेतलेलं रक्त अधिक धोक्याचं ठरतं, कारण पैशासाठी देणारा आपला आजार लपवतो. गेम आणि रक्त यांत जीवनमरणाचं अंतर आहे, पण त्यांचा सांगाडा एकच आहे: अनोळखी माणसाला दिलेल्या गोष्टीचा दर्जा देणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असतो, आणि मधे बाजार शिरला की हेतू बिघडतो. कोडांच्या बाबतीत हा बाजार शिरला, आणि त्याचे परिणामही तसेच झाले.

तिकडे वळण्याआधी एक गल्लत दूर करायला हवी. ‘फुकट गेम’ म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एपिक गेम्सचं दुकान येतं. 2018च्या डिसेंबरमध्ये ते सुरू झालं ते ‘सबनॉटिका’ फुकट देऊन. 2020च्या मे महिन्यात ‘जीटीए 5’ फुकट दिला तेव्हा गर्दीने दुकान काही तास कोलमडलं होतं. एपिक आणि ॲपल यांच्यातल्या खटल्यात 2021 साली पुढे आलेल्या कागदपत्रांत या फुकटपणाचा हिशेब आहे. पहिल्या नऊ महिन्यांत एपिकने गेमच्या निर्मात्यांना सुमारे 1 कोटी 16 लाख डॉलर मोजले आणि त्या बळावर जवळजवळ 50 लाख नवी खाती मिळवली. दर खात्यामागे सव्वादोन डॉलरच्या आसपास खर्च झाला. निर्मात्यांना एकरकमी पैसे मिळाले, खेळणाऱ्यांना गेम मिळाले. व्यवहार म्हणून यात वावगं काही नाही. पण हे गिऱ्हाईक मिळवणं झालं. तो गेम तुम्ही पुढे कुणाला देऊ शकत नाही, आणि तो तुम्हाला कुणा माणसाने दिलेलाही नसतो. अशा वाटपाला उदारपणाचं लेबल लागत गेलं की माणसामाणसांतलं देणं लोकांच्या नजरेतून उतरतं. सगळं फुकटच मिळतंय तर कुणी कुणाला द्यायचं कशाला, असा प्रश्न पडू लागतो, आणि देण्याची सोय काढून घेतली गेली तरी कुणी ओरडत नाही.

आता फसवणुकीचा आक्षेप. हा सर्वांत वजनदार आहे. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर कोडांची खरेदी होते, कोड परक्या बाजारात विकले जातात, कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत ओढते आणि निर्मात्याच्या हाती गेमही राहत नाही नि पैसाही. जी2ए या कोड विकणाऱ्या बाजारावर हे आरोप अनेक वर्षं होत होते. 2019 साली जी2एने जाहीर केलं की आमच्याकडे चोरीचे कोड विकले गेल्याचं सिद्ध झालं तर नुकसानीच्या दहापट देऊ. ‘फॅक्टोरिओ’ हा गेम करणारी वूब सॉफ्टवेअर ही चेक कंपनी पुढे आली, तपासणी झाली, आणि 198 कोड तसे निघाले. 2020 साली जी2एने वूबला 39,600 डॉलर दिले. दुसरीकडे, व्हॉल्व्हने 2015च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की दर महिन्याला सुमारे 77,000 खाती बळकावून लुटली जातात. ‘तुम्हाला गेम भेट मिळाला आहे, इथे लॉगिन करा’ हे या लुटीतलं नेहमीचं आमिष. फुकटाला हपापलेली माणसंही कमी नाहीत. 2011च्या नाताळात स्टीमने बक्षिसांची योजना काढली तेव्हा काहींनी शेकडो खाती उघडून हंबलचे गठ्ठे एकेका सेंटला उचलले; शेवटी हंबलला स्टीमच्या कोडांसाठी किमान एक डॉलरची अट घालावी लागली. ही एक डॉलरची अट मला फार शहाणपणाची वाटते. तिने देणं बंद केलं नाही, फक्त यंत्राने लुबाडणं महाग केलं.

व्हॉल्व्हचा 2017चा निर्णय मात्र या जातीचा नव्हता. तोपर्यंत स्टीमवर भेटीची प्रत घेऊन ती आपल्या संग्रहात ठेवता येई आणि केव्हाही, कुणालाही देता येई. त्या मे महिन्यात ही सोय काढून टाकली गेली. आता भेट खरेदीच्या वेळीच ठरलेल्या व्यक्तीच्या नावाने घ्यायची, आणि ती व्यक्ती तुमच्या मित्रयादीत असायला हवी. दोन देशांतल्या किमतींत मोठा फरक असेल तर ती पाठवता येत नाही. स्वस्त देशांत प्रती साठवून महाग देशांत विकणाऱ्यांना यामुळे नक्कीच चाप बसला. पण त्याच फटक्यात सणासुदीच्या सवलतीत चार प्रती घेऊन ठेवून वर्षभर कुणाकुणाला देणारा माणूसही बाद झाला. भारतीय खेळाडूला हे विशेष जाणवतं. स्टीमवर 2015 साली रुपयांत किमती आल्या आणि अनेक गेम इथे डॉलरच्या हिशेबाने पाहता बरेच स्वस्त झाले. त्यामुळे कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला घेण्याची ऐपत आली. बर्लिन किंवा बोस्टनमधल्या कुणाला तोच गेम भेट द्यायची वाट मात्र बऱ्याचदा बंद राहिली. तिकडून इकडे भेट येऊ शकते, इकडून तिकडे जाणं कठीण. स्वस्त देशातल्या माणसाने कायम घेणाऱ्याच्याच बाजूला राहावं, असा या नियमाचा परिणाम आहे. हेतू तसा नसेलही. परिणाम तसाच आहे, आणि तो मला खटकतो.

यावर म्हटलं जाईल, की दुसरा उपाय काय होता? उपाय होते, आणि काही व्हॉल्व्हनेच वापरले आहेत. 2015 साली तिने ठरवलं की ज्या खात्यावर 5 डॉलरही खर्च झालेले नाहीत त्याला मैत्रीची विनंती पाठवता येणार नाही. बनावट खात्यांची फौज उभी करणं त्यामुळे खर्चीक झालं. त्याच 2017 साली व्हॉल्व्हने गेमची परीक्षणं करणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था केली. तोवर परीक्षक असल्याची बतावणी करून निर्मात्यांकडे ईमेलने कोड मागणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, आणि मिळालेले कोड थेट बाजारात जात. नव्या व्यवस्थेत निर्माता परीक्षकाच्या खात्यातच प्रत पाठवतो, मधे कोड नसतोच. म्हणजे चोर ओळखून त्याचीच वाट अडवता येते. भेटीची प्रत पैसे पक्के जमा होईपर्यंत काही दिवस रोखून धरणं, एका खात्याने महिन्यात किती प्रती द्याव्यात याला मर्यादा घालणं, हेही अशाच धाटणीचे उपाय झाले असते. सोडत चालवणाऱ्या समूहांनी हौशी बळावर जे जमवलं, ते एवढ्या मोठ्या दुकानाला जमणार नाही असं मानायला मला कारण दिसत नाही.

निर्मात्यांच्या पोटाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गेम वाटले गेले की त्यांचं मोल उतरतं, लोक पुढच्या गठ्ठ्याची वाट पाहत बसतात, असं छोटे निर्माते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम 2020 साली पुरा केला तो आधी किकस्टार्टरवर पैसे जमवण्याचा प्रयत्न फसल्यानंतर. अशा स्टुडिओला प्रत्येक विकली गेलेली प्रत मोलाची असते. पण पुरावा पाहिला तर देणं आणि विकणं नेहमी एकमेकांच्या मुळावर येतं असं दिसत नाही. हंबलच्या पहिल्या गठ्ठ्याला लोकांनी एक सेंट देऊनही चाललं असतं. सरासरी निघाली नऊ डॉलरच्या वर. 2020च्या जूनमध्ये इच डॉट आयओ या संकेतस्थळावर वांशिक न्यायासाठी निर्मात्यांनी आपणहून दिलेल्या सतराशेहून अधिक गेम आणि इतर कृतींचा गठ्ठा निघाला. किमान किंमत 5 डॉलर होती. आठ लाखांहून अधिक लोकांनी तो घेतला आणि 80 लाख डॉलरच्या पुढे रक्कम जमली, म्हणजे सरासरी माणशी किमान किमतीच्या दुपटीच्या घरात. मला त्याहून मोलाची वाटते ती याच ठिकाणी अनेक छोट्या निर्मात्यांनी रुजवलेली ‘समूहासाठी प्रती’ ठेवण्याची पद्धत. कुणी एक प्रत विकत घेतली की निर्माता एक प्रत बाजूला ठेवतो, आणि ज्याला परवडत नाही तो ती काही न विचारता, काही न सांगता उचलतो. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, देणाऱ्याचं नाव कळत नाही, आणि निर्मात्याला एका प्रतीचे पैसे मिळालेले असतात. गुप्तदानाची कल्पना ज्या समाजात जुनी आहे त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

बाकी राहतो तो कायदा. मायक्रोसॉफ्टने 2013 साली एक्सबॉक्स वनची घोषणा करताना डिस्कवरच्या गेमलाही खात्याचा नियम लावायचं ठरवलं होतं: गेम मित्राला देता येईल, पण तो किमान 30 दिवस तुमच्या मित्रयादीत असायला हवा, आणि एक गेम एकदाच देता येईल. लोक इतके भडकले की महिन्याभराच्या आत हा बेत मागे घ्यावा लागला. हातात धरता येणाऱ्या डिस्कसाठी जे असह्य वाटलं तेच डाउनलोडसाठी आज कुणाला खुपत नाही. युरोपीय न्यायालयाने 2012 साली यूज्डसॉफ्ट आणि ओरॅकल यांच्या खटल्यात म्हटलं होतं, की कायमच्या परवान्यावर विकलेलं सॉफ्टवेअर डाउनलोड केलेलं असलं तरी गिऱ्हाईक ते पुढे विकू शकतं. त्या धाग्यावर 2019 साली पॅरिसच्या न्यायालयाने व्हॉल्व्हविरुद्ध फ्रेंच ग्राहक संघटनेच्या बाजूने निकाल दिला. 2022 साली अपिलात तो फिरला आणि 2024 साली फ्रान्सच्या सर्वोच्च पातळीवर फिरलेला निकालच कायम झाला. कारण देण्यात आलं ते असं की गेम म्हणजे नुसता प्रोग्रॅम नव्हे, त्यात चित्र, संगीत, कथा हे सगळं येतं, आणि डिजिटल प्रत जुनी होत नसल्याने तिचा दुय्यम बाजार मूळ बाजाराला खाऊन टाकेल. विक्रीबद्दल हा युक्तिवाद मला पटण्याजोगा वाटतो. देण्याबद्दल तो लागू पडत नाही. न उघडलेली एक प्रत एकाकडून दुसऱ्याकडे गेली तर प्रतींची संख्या वाढत नाही, नफाही कुणी मारत नाही. कॅलिफोर्नियात 2025पासून लागू झालेल्या कायद्याने दुकानांना एवढंच सांगायला लावलं, की तुम्ही विकत घेता तो परवाना आहे. प्रामाणिकपणा म्हणून ते ठीक झालं. गिऱ्हाइकाच्या हातात त्यातून काही आलं नाही. स्टीमवरचं खातं मृत्युपत्रानेही दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो, की बहुतेक वाटलेले गेम कुणी खेळतच नाही, खात्यात पडून राहतात. खरं आहे. पण विकत घेतलेले गेमही तसेच पडून असतात; तेवढ्यावरून कुणी विक्री बंद करा म्हणत नाही. उलट, घेऊन ठेवलेला आणि कधीच न उघडलेला गेम ज्याला खेळायचा आहे त्याच्याकडे जाण्याची वाट नसणं, हीच यातली खरी नासाडी आहे. ती वाट काढणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. स्टीम 2015पासून खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांहून कमी खेळला असल्यास गेम परत घेऊन पैसे देतं. म्हणजे कोणत्या खात्यात कोणता गेम किती मिनिटं चालला हे दुकानाला ठाऊक असतं आणि खात्यातून गेम काढून घेण्याची यंत्रणाही त्याच्याकडे तयार आहे. त्या यंत्रणेला एक दार जोडावं: पैसे पक्के झालेला आणि 2 तासांहून कमी खेळलेला गेम, केव्हाही घेतलेला असो, एकदा, मोबदल्याशिवाय, दुसऱ्या खात्यात पाठवता यावा. किमतीतल्या फरकाची भीती असेल तर आपल्याच देशातल्या खात्यांपासून सुरुवात करावी. दुकानं आपणहून हे करणार नसतील तर ग्राहक संघटनांनी यापुढे पुनर्विक्रीचा हरलेला खटला पुन्हा न लढता या एका दाराची मागणी धरावी.